तीन पडदे, तेहतीस मिलिसेकंद

गडचिरोली जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. आरमोरीहून विमान पकडायचं तर ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत नागपूरचं सोनेगाव गाठावं लागतं. पण वैमानिक होण्याची भाषा आता या भागाला परकी राहिलेली नाही. उत्तरेला गोंदियाजवळ बिरसीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे आणि तिथल्या नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये वैमानिक घडतात. नागपूर फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीवर आलं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी सेवा सुरू झाली आणि त्याच आवारात एअर इंडियाची ३४ शिकाऊ विमानांची प्रशिक्षण संस्था उभी राहणार आहे.

बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींच्या कानावर हे सगळं पडत असतं. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्याचा खर्च ऐकून घरचे गप्प होतात. मग हाताशी राहतो तो घरचा संगणक. त्यावर फ्लाइट सिम्युलेटर चढवायचा, ऑफिसातून निघालेले दोन जुने मॉनिटर नागपूरच्या सीताबर्डीतून आणायचे आणि आपल्याकडच्या एकाला जोडून तीन पडद्यांचं कॉकपिट उभं करायचं. इथपर्यंत सगळं सोपं असतं. पहिल्याच उड्डाणात मात्र चित्र अडखळू लागतं आणि दुकानदारापासून मित्रापर्यंत प्रत्येकाचा सल्ला एकच असतो: मोठं ग्राफिक्स कार्ड घे.

पैसे मोजण्याआधी हा सल्ला तपासून पाहण्यासारखा आहे. बऱ्याचदा अडचण कार्डात नसतेच.

तिसरा पडदा हवाच कशाला?

जमिनीवर उड्डाण शिकवण्याची कल्पना जुनी आहे. एडविन लिंक या अमेरिकी तरुणाने १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले हवेचे भाते वापरून हलणारं, डुलणारं कॉकपिट बनवलं आणि दुसऱ्या महायुद्धातले हजारो वैमानिक त्यावर शिकले. घरगुती संगणकावर ही कला ब्रूस आर्टविक यांनी आणली. त्यांच्याच कामातून १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला. आज घरी उडणाऱ्यांपुढे मुख्यतः तीन पर्याय आहेत. मायक्रोसॉफ्टच्या २०२० आणि २०२४ च्या आवृत्त्या, लॅमिनार रिसर्चचा एक्स-प्लेन आणि पूर्णपणे मोफत असलेला फ्लाइटगिअर.

एका पडद्यावर उडता येतं, पण उतरणं नीट शिकता येत नाही. शिकाऊ वैमानिक धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारतो. या फेरीच्या लांब बाजूवर धावपट्टी समोर नसते, डाव्या खांद्याच्या रेषेत असते. तिच्याकडे पाहूनच वळायचं कधी, उंची सोडायची किती, हे ठरतं. एका पडद्यावर त्यासाठी बटण दाबून मान वळवावी लागते, तेवढ्यात समोरचं क्षितिज जातं आणि विमान कलंडतं. दोन्ही बाजूंना पडदा असला की डोळ्याच्या कडेनेही हालचाल कळते. तीन पडद्यांचं खरं मोल एवढंच आहे. देखावा भव्य दिसतो ही वरकड मिळकत.

आधी हिशेब

साधा फुल एचडी पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा असतो. म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. तीन पडद्यांचे झाले ६२ लाख. २५६० गुणिले १४४० चे तीन पडदे घेतले तर हा आकडा १ कोटी १० लाखांवर जातो, म्हणजे एका फोर-के पडद्याच्याही पुढे. ही सगळी रंगरंगोटी सेकंदाला कित्येक वेळा नव्याने करायची असते.

आपण ‘एफपीएस किती मिळतात’, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, असं विचारतो. त्याऐवजी एका चित्राला वेळ किती मिळतो असं विचारलं तर दुरुस्ती सोपी होते. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर प्रत्येकाला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० हवी असतील तर ३३.३. विमानाचं गणित, हवामान, जमीन, झाडं, सावल्या, ढग हे सगळं तेवढ्यात बसवायचं. कशाला किती मिलिसेकंद द्यायचे हे ठरवणं म्हणजेच सिम्युलेटर जुळवणं.

हा वेळ दोन ठिकाणी खर्च होतो. प्रोसेसर ठरवतो की या क्षणी विमान कुठे आहे, कोणती झाडं आणि घरं नजरेत आहेत, त्यांतलं काय काढायचं. ग्राफिक्स कार्ड ते प्रत्यक्ष रंगवतं. धानाच्या रोवणीत बांधीत पऱ्ह्यांच्या जुड्या वेळेवर पडल्या नाहीत तर कितीही हात चलाख असले तरी रोवणाऱ्या बाया उभ्या राहतात. कार्डाचं तसंच होतं. त्यातही सिम्युलेटरचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच मुख्य धाग्यावर चालतं. म्हणून सोळा गाभ्यांचा प्रोसेसर घेऊनही फरक पडेलच असं नाही. एकेका गाभ्याचा वेग आणि जवळची कॅश मेमरी जास्त कामाला येते.

दोषी कोण, हे कसं ओळखायचं

चाचणी फुकटात होते. एक जागा, एक विमान, एक वेळ आणि एकच हवामान ठरवून ती स्थिती जतन करून ठेवावी. तिथे एफपीएस पाहावेत. मग सेटिंगमध्ये रेंडर स्केल किंवा रिझोल्यूशन निम्मं करावं. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी झाल्याने ठिपके एक चतुर्थांश उरतात. एवढं ओझं उतरूनही आकडा जागचा हलला नाही, तर कार्ड रिकामं बसलं आहे आणि अडचण प्रोसेसरकडे आहे. आकडा झपाट्याने वाढला, तर कार्ड दमलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की कोण अडवतोय हे थेट लिहून येतं. एक्स-प्लेनमध्येही दोघांचे मिलिसेकंद वेगवेगळे पाहता येतात.

हे न तपासता सेटिंग बदलत बसणाऱ्याचा वेळ जातो, कारण औषध वेगवेगळं आहे. इमारती आणि वस्तूंची दाटी, जमिनीचा तपशील किती दूरवर दाखवायचा, इतर विमानांची आणि मोटारींची वर्दळ हे मुख्यतः प्रोसेसरच्या खात्यात पडतं. ढगांचा दर्जा, कडा मऊ करणारं अँटी-अलायझिंग, पाण्यातली प्रतिबिंबं आणि एकूण रिझोल्यूशन कार्डाच्या खात्यात. सावल्या दोघांनाही खर्चात पाडतात. टेक्स्चरचा दर्जा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर बेततो. मेमरी पुरते आहे तोवर त्याचा भार जाणवत नाही. ती भरली की संगणकाच्या रॅममधून ने-आण सुरू होते आणि चित्र मधूनच थबकतं.

चाचणीची जागाही विचाराने निवडावी. पुष्कळ जण मोठ्या शहरावर चाचणी घेतात, कारण इमारतींची दाटी तिथे असते. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे आणि सिम्युलेटरला त्यातलं प्रत्येक झाड उभं करायचं असतं. नागपूरवर सुरळीत चालणारा संगणक आरमोरीच्या पूर्वेला, जंगलावरून खाली उडताना धापा टाकू शकतो. तिथे झाडांची दाटी एक पायरी उतरवून त्यांच्या सावल्या बंद कराव्यात. हजार-दीड हजार फुटांवरून फरक फारसा दिसत नाही. दुसरी चाचणी जुलैच्या भरून आलेल्या आभाळात घ्यावी. थर असलेले ढग कार्डाला सर्वांत जास्त थकवतात आणि तीन पडद्यांवर ते तिप्पट जागा व्यापतात.

जोडण्याच्या दोन तऱ्हा

तीन पडदे जोडण्याचा पहिला मार्ग म्हणजे त्यांचा एकच लांब पडदा करणं. एनव्हिडियाचं सराउंड किंवा एएमडीचं आयफिनिटी हेच करतं. सिम्युलेटरला वाटतं की समोर ५७६० गुणिले १०८० चा एकच मॉनिटर आहे. यात प्रोसेसरचं काम फारसं वाढत नाही, ओझं मुख्यतः कार्डावर येतं.

खोट आहे ती चित्रात. २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो. डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर ठेवला तर तो नजरेचे साधारण ४८ अंश व्यापतो. तिन्ही मिळून १४३ ते १४४ अंश. एवढा विस्तार एका सपाट चित्रात पसरवला की कडा ताणल्या जातात. भूमितीने पाहिलं तर अगदी टोकाशी हा आडवा ताण मध्यभागाच्या जवळपास दहापट होतो. बाजूच्या पडद्यावरचं झाड आडवं पसरतं, धावपट्टी चेपलेली दिसते आणि ज्या नजरेच्या अंदाजासाठी पडदे जोडले तोच अंदाज चुकतो. पुष्कळ जण मग दृश्याचा कोन कमी करून ताण घालवतात. त्याने चित्र सुधारतं, पण बाजूला पाहण्याची सोय जाते.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक पडद्याला स्वतंत्र दृश्य देणं. मधला कॅमेरा समोर, डावा ४८ अंश डावीकडे, उजवा तितकाच उजवीकडे. मॉनिटरच्या कडेची पट्टी धरून आणखी दीड-दोन अंश वाढवायचे. पडदे खरोखर त्याच कोनात वळवून मांडले की क्षितिज तिन्हींवर एका रेषेत येतं आणि ताण उरत नाही. एक्स-प्लेनमध्ये ही सोय तयार आहे. फ्लाइटगिअरमध्ये ती एका मजकुराच्या फाइलमधून करता येते. मायक्रोसॉफ्टने ती २०२२ च्या दहाव्या सिम अपडेटमध्ये दिली.

याची किंमत प्रोसेसर मोजतो. प्रत्येक दृश्यासाठी काय दिसतं आणि काय काढायचं याचा हिशेब नव्याने होतो. एका पडद्यावर प्रोसेसर १५ मिलिसेकंदांत मोकळा होत असेल, तर तीन दृश्यांत तो ३३ ची मर्यादा सहज ओलांडू शकतो. ज्याचा प्रोसेसर आधीच अडवतोय त्याने स्वतंत्र दृश्यांवर जाण्याआधी वस्तूंची दाटी आणि वर्दळ उतरवलीच पाहिजे. नवं कार्ड इथे काहीच सोडवत नाही.

मोठ्या विमान कंपन्यांच्या सिम्युलेटरमध्ये हा पेच वेगळ्या रीतीने सुटतो. तिथे दृश्याच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र संगणक असतो आणि सगळे एका ठेक्यात बांधलेले असतात. एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर घरीही नेटवर्कवर हे करू देतात, पण तेवढे सक्षम संगणक हवेत. आपल्याला परवडणारी युक्ती लहान आहे. नकाशा मुख्य संगणकावर उघडू नये. फ्लाइटगिअरचा नकाशा जुन्या लॅपटॉपच्या किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतो. मुख्य संगणकावर आणखी एक खिडकी उघडण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

वेगापेक्षा ठेका

५० ते २२ च्या मध्ये हेलकावे खाणाऱ्या आकड्यापेक्षा स्थिर ३० चांगले. हे पटायला थोडा वेळ लागतो, पण कारण साधं आहे. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. सिम्युलेटर ३० चित्रं देत असेल तर प्रत्येक चित्र बरोबर दोन वेळा दिसतं. ४० देत असेल तर काही चित्रं एकदा आणि काही दोनदा दिसतात. हालचाल लंगडते आणि तीन पडद्यांवर, डोळ्याच्या कडेने, ती अधिकच खुपते. म्हणून एफपीएसला ३० ची मर्यादा घालावी आणि सेटिंग अशी उतरवावी की सर्वांत वाईट क्षणीही ती पाळली जाईल. तिन्ही मॉनिटर शक्यतो एकाच रिफ्रेश रेटवर ठेवावेत.

स्थिरता हवी ती उतरताना. सेसना १७२ साधारण ६० ते ६५ नॉट वेगाने धावपट्टीवर येतं, म्हणजे सेकंदाला ३०-३३ मीटर. चित्र अर्धा सेकंद थबकलं तर तेवढ्यात १५ मीटर निघून गेलेले असतात. नुसता उशीरही घात करतो. हाताने स्टिक ओढल्यावर चित्र उशिरा हललं तर माणूस आणखी ओढतो, मग घाबरून सोडतो आणि विमान उसळ्या मारू लागतं. ही सवय खऱ्या विमानात नेण्यासारखी नाही. या कारणानेच नवीन कार्डांमधली फ्रेम जनरेशनची सोय उड्डाण शिकणाऱ्याने जपून वापरावी. मधली चित्रं कल्पनेने भरून ती आकडा फुगवते, पण उशीर कमी करत नाही, थोडा वाढवतेच. त्यापेक्षा कमी ठिपक्यांवर रंगवून चित्र मोठं करणारी डीएलएसएस किंवा एफएसआर ही सोय बरी. मात्र तीही कार्डाचाच भार हलका करते, प्रोसेसरचा नाही.

ऊन, वीज आणि इंटरनेट

परदेशी मार्गदर्शनात न सापडणारं एक सेटिंग आपल्याकडे आहे: मे महिना. वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हा आरमोरीतल्या बंद खोलीत चाळिशी सहज ओलांडली जाते. चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर चढत जातं. २५ अंशांच्या खोलीत ७५ वर राहणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ९२ च्या आसपास पोचतो आणि ९५ ते १०० च्या टप्प्यात तो स्वतःच वेग उतरवतो. डिसेंबरात जुळवलेली सेटिंग उन्हाळ्यात कोलमडते ती यामुळे. संगणक बिघडलेला नसतो. चाचणी भर दुपारी घ्यावी, कॅबिनेट भिंतीपासून हातभर दूर ठेवावं, जाळ्यांवरची धूळ महिन्याला झाडावी. कुलरसमोर संगणक मांडताना पाण्याचे तुषार थेट आत जाणार नाहीत हे पाहावं. एफपीएसची मर्यादा इथेही उपयोगी पडते, कारण न लागणारी चित्रं काढण्यात जाणारी वीज आणि उष्णता वाचते.

विजेचा हिशेब कागदावर मांडावा. मध्यम ग्राफिक्स कार्डाला १५० वॉट, प्रोसेसरला ८० ते १००, तीन मॉनिटरना मिळून ७५ आणि बाकीच्या भागांना ३०-४० धरले तर बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. म्हणजे तो काठावर आहे आणि ढगांत शिरताच कार्डाने झटका दिला की शिट्टी मारून बंद पडेल. १००० व्हीएचा घ्यावा, किंवा बाजूचे दोन पडदे यूपीएसवर लावूच नयेत. वीज गेली तर ते काळे होतील, पण संगणक आणि मधला पडदा चालू राहून उड्डाण जतन करता येईल.

तिसरी बाब इंटरनेटची. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर जमिनीची उपग्रहचित्रं उड्डाण चालू असताना नेटवरून ओढतो. २०२० च्या आवृत्तीसाठी कंपनीने किमान ५ आणि शिफारस म्हणून २० एमबीपीएस सांगितले आहेत. २०२४ च्या आवृत्तीची भूक याहून मोठी आहे. मोबाइल डेटावर भागवणाऱ्यांना पुढ्यातली जमीन धूसर दिसते आणि मधूनमधून झटके बसतात. त्याचं खापर मात्र कार्डावर फुटतं. त्यांच्यासाठी एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर बरे, कारण त्यांचा भूभाग आधीच उतरवून ठेवता येतो. दोन्हींत जगाचे एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांशाचे तुकडे केलेले असतात. आरमोरी २० अक्षांश, ७९ रेखांशाच्या तुकड्यात येते, पण ८० व्या रेखांशाच्या अगदी काठावर. म्हणून पूर्वेचा शेजारी तुकडाही घ्यावा. नागपूर आणि गोंदियासाठी वरचे दोन. चार तुकड्यांत आपलं सगळं आकाश मावतं.

खरेदीआधी या गोष्टी

तिन्ही मॉनिटरच्या केबल ग्राफिक्स कार्डातच लागल्या आहेत ना हे मागे वाकून पाहावं. घाईत एखादी मदरबोर्डच्या पोर्टात गेली की तो पडदा प्रोसेसरमधल्या किरकोळ ग्राफिक्सवर चालू शकतो आणि सगळ्यांना मागे ओढतो. रॅमची १६ जीबीची एकच पट्टी असेल तर त्याऐवजी ८-८ च्या दोन लावाव्यात, माहिती दोन वाटांनी धावते. विंडोजमध्ये वीज बचतीचा मोड काढावा. सिम्युलेटर एसएसडीवर असावा. एका वेळी एकच सेटिंग बदलावं आणि वहीत नोंद ठेवावी, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने गुण आला हे कळत नाही.

एवढं करूनही कार्ड अडवत असेल तर कार्ड घ्यावं, प्रोसेसर अडवत असेल तर प्रोसेसर. तेव्हा ती खरेदी चाचणीच्या आधारावर असेल.

घरच्या सिम्युलेटरवरचा एकही तास परवान्यासाठी मोजला जात नाही. परवाना देणारी डीजीसीए धरते ते मान्यताप्राप्त यंत्रांवरचे मोजके तास. तरी नकाशा वाचणं, फेरीचा क्रम, तपासणीची यादी, वाऱ्याचा अंदाज हे सगळं इथे अंगवळणी पडतं आणि पुढे महागड्या तासांत ते पुन्हा शिकावं लागत नाही. म्हणून जुळवणीचं मोजमापही उड्डाणावरच ठरवावं. सोनेगावहून निघून गोसीखुर्द धरणाचं पाणी गाठा, तिथून वैनगंगा उजव्या-डाव्या खिडकीत ठेवत आरमोरीपर्यंत या, मग उत्तरेला बिरसीत जाऊन चौकोनी फेरी मारून उतरा. या वाटेवर नदी नजरेतून सुटली नाही आणि शेवटच्या वळणावर चित्र थबकलं नाही, तर संगणक पुरेसा आहे. तिथून पुढे सुधारायचं ते वैमानिकाने.